चिलर बंद पडला की सगळ्यांना माझी आठवण येते, एरवी मी कुणाला दिसतच नाही

ताई, मी मेकॅनिकल इंजिनीअर, वय २६. एका मोठ्या ऑफिस बिल्डिंगमध्ये फॅसिलिटी इंजिनीअर म्हणून अडीच वर्षं झाली. चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं मशीन), एएचयू (त्या पाण्याने हवा गार करून मजल्यांवर खेळवणारं युनिट), पंप, डीजी (डिझेल जनरेटर), फायर पंप, लिफ्ट, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) सगळं माझ्याकडे, म्हणजे खरं तर सगळ्याचे फोन माझ्याकडे, रात्रीसुद्धा. एकाला थंडी वाजते दुसऱ्याला गरम होतं आणि दोघंही माझ्यावरच चिडतात. सगळं नीट चालू असेल तेव्हा मी आहे हे वर कुणाला माहीतही नसतं. माझ्या बॅचची मुलं डिझाईनमध्ये गेली, सॉफ्टवेअरमध्ये गेली. घरचे विचारतात तू नक्की करतोस काय आणि मला ते धड सांगता येत नाही. मागच्या आठवड्यात भर दुपारी चिलर हाय प्रेशरवर ट्रिप झाला, म्हणजे आतला दाब वाढून आपोआप बंद पडला, मी रिसेट केला, परत ट्रिप, तिसऱ्या रिसेटला एकदाचा धरला. साहेबांनी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मला आनंद व्हायला हवा होता पण रात्रभर झोप लागली नाही. हे काम सोडू का?

---

हे बघ, सोडू का त्याचं उत्तर देते, पण नंतर. आधी ते चिलरचं बोलू. शाबासकी मिळाली आणि झोप लागली नाही हे वाचून मला खरंच बरं वाटलं, कारण त्या रात्री तू गाढ झोपला असतास तर मी लगेच लिहिलं असतं की बाबा दुसरं काहीतरी बघ. काहीही दुरुस्त झालेलं नाही हे तुला कळलंय, म्हणून झोप लागली नाही. हाय प्रेशरवर मशीन ट्रिप होतं म्हणजे ते सांगत असतं की मला आतली उष्णता बाहेर टाकता येत नाहीये, आणि आपण बटण दाबून त्याला म्हणतो चल परत लाग कामाला. तिसऱ्यांदा धरला तो बहुतेक ऊन उतरायला लागलं म्हणून किंवा लोड थोडा कमी झाला म्हणून, तुझ्या बटणामुळे नाही. पहिला रिसेट मीही केला असता, माणसं घामाघूम होऊन बसलेली असताना तो करावाच लागतो. पण दुसऱ्या ट्रिपनंतर हात मागे घ्यायचा. मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर नसेल तर प्रत्येक स्टार्टला मोटरच्या वाइंडिंगमधून नेहमीच्या कित्येक पट करंट जातो, आणि कॉम्प्रेसर गेला तर तो काही तासात मिळणारा पार्ट नाही, मग ती शाबासकी देणारे साहेबच तुला विचारतील की तीनदा का चालवलास.

मी नवीन होते तेव्हा एका बिल्डिंगमध्ये अगदी हेच चालायचं. रोज दुपारी तीन साडेतीनला एक नंबरचा चिलर ट्रिप. आधीच्या इंजिनीअरने जाताना सांगून ठेवलेलं की रिसेट कर, होतं चालू, आणि मी महिनाभर तेच केलं. मग एकदा लॉगशीटचा गठ्ठा काढून बसले तर सगळीकडे जाणारं पाणी ७ अंश, येणारं पाणी १२ अंश, दर तासाला, दिवसा रात्री, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, चार महिने एकच आकडा. आता बिल्डिंग रिकामी असताना आणि भरलेली असताना पाणी सारखंच परत येईल हे कसं शक्य आहे. शिफ्ट सुटायच्या आधी आठही ओळी एकदम भरल्या जात होत्या. मी रागाने ऑपरेटरकडे गेले तर तो शांतपणे म्हणाला की सहा वर्षं भरतोय, आजपर्यंत कुणी वाचलं नाही, तुम्ही पहिल्या. यावर मी काय बोलणार होते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघांनी मिळून खरी रिडिंग घ्यायला सुरुवात केली, आणि त्यात मी त्याला एक नवीन कॉलम आखून दिला, कंडेन्सर अप्रोच. कंडेन्सर म्हणजे चिलरचा उष्णता बाहेर टाकणारा भाग. आणि अप्रोच म्हणजे गॅस ज्या तापमानाला थंड होऊन द्रव होतो ते तापमान आणि कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान यातला फरक. मशीन बसवलं तेव्हाच्या कागदांमध्ये तो दीड अंश होता, आमचा निघाला पाच. म्हणजे कंडेन्सरच्या ट्यूबच्या आत काहीतरी बसलंय. उघडल्यावर दिसलंच, पांढरा कडक थर, नखाने निघेना. पण थर आला कुठून, पाण्यात केमिकल टाकणारा माणूस तर दर महिन्याला येऊन सही करून जात होता. शोधत शोधत कूलिंग टॉवरच्या, म्हणजे कंडेन्सरचं तापलेलं पाणी जिथे हवेने गार होतं त्या टॉवरच्या, ब्लोडाऊन व्हॉल्व्हपर्यंत पोचलो. टॉवरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात, म्हणून ते दाट झालेलं पाणी अधूनमधून काढून टाकायचं असतं, त्यासाठीचा ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकून बसला होता. हातात मावेल एवढा पार्ट. त्याच्यामुळे वरचं एवढं मोठं मशीन रोज दुपारी मान टाकत होतं आणि प्रत्येक जण वरच्या मशीनचंच बटण दाबत होता.

टॉवरचा विषय निघालाच आहे तर हेही ऐक. तिथलं पाणी नुसत्या ट्यूबसाठी सांभाळायचं नसतं. १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन झालं, त्यानंतर तिथे आलेले लोक न्यूमोनियाने आजारी पडून दगावायला लागले, कुणाला कळेना कशाने. पुढच्या वर्षी जंतू सापडला, त्या सैनिकांच्या संघटनेवरून त्याला लेजिओनेला नाव पडलं. त्याला कोमट पाणी आवडतं, साधारण २० ते ४५ अंशांचं, आणि टॉवरमधलं पाणी बरोबर तेवढंच असतं, वर टॉवर त्याचे बारीक तुषार हवेत सोडतो. म्हणून पाण्यात केमिकल सोडणारा डोसिंग पंप बंद दिसला तर उद्या बघू असं कधी म्हणायचं नाही. खाली रस्त्याने जाणाऱ्या माणसाला तुझं नावही माहीत नसतं पण त्याच्या फुप्फुसात काय जातं ते तू ठरवत असतोस, मी हे अजिबात वाढवून सांगत नाहीये.

तर घरच्यांना काय सांगायचं. त्यांना सांग की बिल्डिंगमध्ये माणसाला जगायला जे जे लागतं, हवा, पाणी, वीज, आगीपासून बचाव, ते सगळं चालू ठेवायची जबाबदारी माझी आहे. पण आधी तुला स्वतःला हे वाटायला पाहिजे, आणि फोन उचलत बसलं तर ते वाटणार नाही, त्यासाठी राऊंड मारायला लागतो. सकाळी बिल्डिंग भरायच्या आधी, मोबाईल खिशात, कान उघडे. बेअरिंग जायच्या आधी आठवडा आठवडा आवाज बदलतो, जळणाऱ्या बेल्टचा वास वेगळा, तापलेल्या वाइंडिंगच्या वार्निशचा वेगळा, पंपाच्या सीलखाली ओलसर डाग काल नव्हता आज आहे. बीएमएसच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर नजर ठेवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, स्क्रीनवर विसंबू नकोस. स्क्रीनवर एएचयू हिरवा दिसतो तो पुष्कळदा मोटरला वीज देणाऱ्या स्विचच्या, म्हणजे कॉन्टॅक्टरच्या, कॉन्टॅक्टवरून आलेला असतो, म्हणजे मोटरला वीज गेली एवढंच त्याला माहीत, बेल्ट तुटून पंखा थांबलेला असला तरी तो हिरवाच दाखवणार. माझ्याकडे असा एक एएचयू दीड दिवस हिरवा होता आणि वरच्या मजल्यावरून फोनवर फोन, मी म्हणतेय चालू आहे चालू आहे. नंतर त्या मजल्यावर जाऊन सगळ्यांची माफी मागितली आणि डक्टमध्ये एअरफ्लोचा स्विच लावून घेतला.

गरम थंडच्या कंप्लेंटवरून तू वैतागलायस ते समजतं. ओले फँगर नावाच्या डॅनिश संशोधकाने १९७० मध्ये माणसाला आरामदायक वाटण्याचं गणित मांडलं, आजही जगभर तेच वापरतात, आणि त्या गणिताप्रमाणे अगदी उत्तम परिस्थितीतसुद्धा निदान ५ टक्के लोक नाखूशच राहणार. म्हणजे हजार माणसांच्या बिल्डिंगमध्ये तू सगळं बरोबर केलंस तरी पन्नास जण तक्रार करू शकतात, ती तुझी हार धरू नकोस. पण म्हणून दुर्लक्षही नको, कारण हवेचं तापमान हा सहातला एकच घटक आहे, बाकीचे आजूबाजूच्या पृष्ठभागांची उष्णता, वाऱ्याचा वेग, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि माणूस करतोय काय. थर्मामीटर २४ दाखवतोय आणि काचेशेजारची बाई म्हणतेय भाजतंय तर ती खोटं बोलत नाहीये, तापलेली काच तिच्यावर उष्णता फेकतेय. तिच्या खुर्चीवर जाऊन दहा मिनिटं बस. मी एकदा अशीच बसले तेव्हा दिसलं की त्या हॉलचा थर्मोस्टॅट पार्टिशन टाकताना एका बंद केबिनमध्ये गेलाय, सगळ्या हॉलची हवा त्या एका रिकाम्या केबिनवरून ठरत होती. वर्षभराच्या तक्रारी दोन वायर सरकवून संपल्या.

मेन्टेनन्सच्या शेड्यूलबद्दल तू काही लिहिलेलं नाहीस पण मला सांगावंसं वाटतं, कारण अडीच वर्षांत तुझ्यावर टिकमार्कांचं प्रेशर आलंच असेल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये वॅडिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाने विमानांच्या बिघाडाच्या नोंदी तपासल्या, तर ठरलेली तपासणी झाली की लगेच बिघाड वाढलेले आणि नंतर उतरत गेलेले. म्हणजे चांगलं चाललेलं उघडून परत बसवताना आपणच काहीतरी बिघडवत होतो. हे मी माझ्या पंपांवर पाहिलंय, ओव्हरहॉल झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात सील गेलं. म्हणून वेंडरने चेकलिस्ट आणली की विचार, हे उघडायचं कशासाठी, रिडिंगमध्ये काय दिसतंय. कंपन मोजून, तापमान बघून, तेलाचा नमुना तपासून काम भागत असेल तर पाना लावायचाच नाही. फायर पंप आणि सेफ्टीच्या गोष्टी मात्र यातून बाहेर, त्यांची टेस्ट ठरल्या दिवशी झालीच पाहिजे.

आणि डीजी. डीजीवर मी जास्त वेळ घेणार आहे. तुमच्याकडे महिन्यातून एकदा दहा मिनिटं रिकामा चालवून टेस्ट झाली असं लिहितात का? बहुतेक ठिकाणी तेच करतात. त्यातून एवढंच कळतं की इंजिन सुरू होतं. उलट सतत कमी लोडवर, साधारण ३० टक्क्यांच्या खाली, चालवलं तर डिझेल पूर्ण जळत नाही, एक्झॉस्टमध्ये ओलं काळं चिकट साचतं. खरी टेस्ट म्हणजे सगळ्यांना आधी कळवून, साहेबांची लेखी परवानगी घेऊन मेन सप्लाय बंद करायचा आणि बघायचं काय काय उठतं आणि काय उठत नाही. पहिल्यांदा हे करताना तुझे हात थरथरतील, माझे थरथरले होते. पण ज्या गोष्टी ऐनवेळी फसतात त्या तेव्हाच दिसतात, स्टार्टिंग बॅटरी ढेपाळलेली असते, कुणाचातरी सर्व्हर इमर्जन्सी लाईनवर जोडलेलाच नसतो. यूपीएसच्या बॅटरीचंही बघून ठेव, २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, तेव्हा कुणी वीज वाचवायला बॅटरी रूमचा एसी बंद करायला सांगितला तर हा हिशोब पुढे ठेव.

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळ आलं तेव्हा न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलचे जनरेटर तेराव्या मजल्यावर होते, पुरापासून अगदी सुरक्षित. पण त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात. तळघर भरलं, पंप गेले, आणि नॅशनल गार्डचे जवान, हॉस्पिटलची माणसं, सगळे जिन्यात रांग लावून हातोहात तेरा मजले डिझेल वर पोचवत होते. शेवटी पेशंट हलवावेच लागले. हे वाचल्यापासून मी ज्या ज्या बिल्डिंगमध्ये गेले तिथे पहिल्या आठवड्यात एक काम केलं, एकेक महत्त्वाचं मशीन घ्यायचं आणि ते कशाकशावर उभं आहे ते पायी चालत, पाइप आणि केबल धरून, शेवटपर्यंत बघत जायचं. ड्रॉइंगवर नाही, पायी. तू अजून केलं नसशील तर कर, तुझ्या बिल्डिंगमध्येही तळघरातला तो पंप कुठेतरी असणारच.

रात्रीच्या फोनबद्दल मी कडक बोलणार आहे. रात्री दोन वाजता झोपेत फोन उचलून समोरच्याला हा इंटरलॉक (धोका असताना मशीन चालू होऊ न देणारी यंत्रणा) बायपास कर, तो ब्रेकर ऑन कर असं सांगायचं नाही. कधीच नाही. त्याला तिथे दिसतंय ते तुला दिसत नाही. माझ्या एका जागी इलेक्ट्रिशियन पॅनलमध्ये काम करत होता, ब्रेकरला नुसती पाटी लटकवलेली, कुलूप नाही, फोनवरून कुणीतरी सप्लाय चालू करायला सांगितला आणि दुसऱ्याने केला. तो वाचला, पण दोन्ही हात भाजले. मी त्याला हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले होते आणि आज इतक्या वर्षांनीही ते हात डोळ्यासमोर आहेत. म्हणून ज्याचं काम त्याचं कुलूप आणि त्याचीच किल्ली, त्याच्या खिशात, घाईत असलेल्या साहेबाचा फोन आला तरी. काम सुरू करण्याआधी परवानगीचं परमिट भरायला लागणारी वीस मिनिटं कुणाला उशीर वाटत असेल तर वाटू दे.

आणि फोन रोज रात्री तुझ्याच उशाशी का आहे? ऑन-कॉलची रोटा पाहिजे, कागदावर, नावं आणि तारखा टाकून, कुठल्या कंप्लेंटला शिफ्टवाल्याने स्वतः निस्तरायचं आणि कुठल्याला तुला उठवायचं हे लिहून. तू म्हणशील माणसं नाहीत. मग ते लेखी साहेबांना कळव, कारण एक माणूस वर्षभर चोवीस तास जागा राहू शकत नाही आणि थकलेल्या माणसाचा निर्णय पॅनलसमोर धोक्याचा असतो, हे त्यांना समजायलाच हवं.

दिसत नाही म्हणतोस त्यावर माझा अनुभव सांगते. सगळं सुरळीत चालू आहे असा रिपोर्ट कुणी वाचत नाही, मीही वाचला नसता. आठवड्याला एक पान लिही. त्यात काय बिघडणार होतं आणि वेळेत कसं सापडलं, कुठली वस्तू आता किती दिवस तग धरेल, ती गेली तर काय काय बंद पडेल आणि किती वेळ. जिथे शक्य तिथे आकडा दे. उदाहरण घे, पंख्याला व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारं उपकरण) असेल आणि वेग २० टक्के कमी करता आला तर वीज जवळपास निम्मी लागते, कारण पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. रात्री कोणत्या एएचयूचा वेग कमी करता येईल ते शोध, आधीचं आणि नंतरचं मीटर रिडिंग घे, आणि दोन्ही आकडे एका ओळीत लिही. साहेब लोकांना मशीन समजत नाही पण मीटर समजतं. आणि त्या पानावर ऑपरेटरचंही नाव टाक, बेअरिंगचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो त्याने. माझ्या त्या ऑपरेटरचं नाव मी पहिल्यांदा लिहिलं त्यानंतर त्याची लॉगशीट कधी खोटी आली नाही.

आता सोडू का. माझं मत, लगेच नाही. तीन महिने दे, पण या तीन महिन्यांत ट्रिपचं मूळ शोधायला तुला वेळ आणि शटडाऊन मिळतो का, रोटा होते का, लेखी कळवलेल्या धोक्यावर कुणी निदान प्रश्न तरी विचारतं का, हे नीट बघ. यातलं काहीच झालं नाही, फक्त रिसेट करणारा आणि फोन उचलणारा माणूसच त्यांना हवा असेल, तर खुशाल सोड, मनाला लावून घेऊ नकोस. पण जागा सोड, काम सोडायची घाई करू नकोस. कमिशनिंगमध्ये, म्हणजे नवीन मशीन तपासून पहिल्यांदा चालू करण्याच्या कामात, जाऊन बघ, तिथे तुला मशीन पहिल्या दिवशी कसं असतं ते कळेल, अडीच वर्षं बिघडलेली पाहिलेला माणूस तिथे फार उपयोगी पडतो. एनर्जी ऑडिट आहे, डेटा सेंटर आहे. हॉस्पिटल मला स्वतःला सगळ्यात जवळचं, तिथे ऑपरेशन थिएटरमध्ये हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवायचा म्हणजे बाहेरचं आत येत नाही आणि आयसोलेशन रूममध्ये कमी ठेवायचा म्हणजे आतलं बाहेर जात नाही, आणि तो दाब नीट आहे ना हे बघणारा माणूस तू असतोस. डिझाईनला गेलेल्या मित्रांशी तुलना थांबव, त्यांनी काढलेलं ड्रॉइंग प्रत्यक्षात कसं वागतं हे तुला रोज दिसतं, त्यांच्यातल्या कित्येकांना ते कधीच बघायला मिळत नाही.

उद्या गेल्यावर आधी चिलरच्या पॅनलमधून ट्रिप हिस्टरी काढ, तारीख आणि वेळ उतरवून घे. मग टॉवरवर चढ, फॅन खरंच फिरतोय का, बेल्ट सैल आहे का, नोझलमधून पाणी सगळीकडे पडतंय का, स्ट्रेनर शेवटचा कधी साफ झाला, ब्लोडाऊन व्हॉल्व्ह हाताने उघडून बघ. आणि दुपारच्या लोडला अप्रोच मोज, ऑपरेटरला बरोबर घेऊन. किती निघाला ते मला कळव, मी वाट बघतेय.